हरवलेले आणि पुसलेले

माहुलच्या पुनर्वसन वसाहतीत एका परिचिताच्या घरी जुना संगणक आहे. तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडल्यावर २०१७ पासून हजारो कुटुंबे इथे आणली गेली, त्यांपैकीच हे एक. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने. इथल्या हवेचा रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच म्हटले होते. पाडलेल्यांना महिना १५ हजार रुपये भाडे द्यावे, असा आदेश उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. पण हक्क मागायला गेले की आधी कागद दाखवावा लागतो.

घरातले वडील आता हयात नाहीत. जुन्या घराचे फोटो आणि वीजबिलांच्या प्रती त्यांच्या संगणकात होत्या, आणि तो सुरू होईना. मुलाने हार्ड डिस्क दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने आधी डिस्कची हुबेहूब प्रत काढली आणि शोध त्या प्रतीवरच घेतला. अशा जुन्या डिस्कवरची फाइल ‘डिलीट’ केली तरी लगेच मिटत नाही. यादीतली तिची नोंद जाते, जागा मोकळी धरली जाते. तिथे नवे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर पडून असतो.

फोटो मिळाले, बिले मिळाली. त्यांच्यासोबत वडिलांनी डिलीट केलेली काही पत्रेही वर आली. मुलाने मला विचारले, “चाचा, वाचू का?”

प्रश्न साधा नाही. वडिलांची मालमत्ता वारशाने येते. त्यांचे गुपितही येते का? बिले हरवली होती, पत्रे पुसली होती. हरवणे हा अपघात, पुसणे हा माणसाचा निर्णय. यंत्राला हा फरक कळत नाही, म्हणून तो आपण करायचा. घर त्यांच्या मनाविरुद्ध पुसले गेले; त्याची खूण शोधणे न्यायाचे आहे. पत्रे त्यांनी स्वतः पुसली.

पण पत्रात कुणाचे देणे असेल तर? मृताच्या अब्रूपेक्षा जिवंताचा हक्क मोठा, हे मला मान्य आहे. मात्र तशी शंका घ्यायला काही कारण हवे. निव्वळ कुतूहल हे कारण नव्हे. मी म्हणालो, “आधी अम्मीला विचार, कुणाचे काही देणे राहिले आहे का?”

अम्मी म्हणाली, काही नाही. मुलाने पत्रे न उघडता पुसली आणि त्या जागेवर दुसरा मजकूर चढवला. मग दुरुस्तीवाल्याकडची प्रतही मागून आणली. वडिलांचे अर्धे राहिलेले काम त्याने पुरे केले.