हौस, संग्रह आणि साक्ष

संग्रहाची आवड मनुष्यास उपजतच असते. नदीकाठी गेलेले मूल रित्या हाताने घरी येत नाही. त्याच्या खिशात दोन गारगोट्या, एखादी शिंपली ही सापडायचीच. मोठेपणी हीच आवड निरनिराळी रूपे घेते. कोणी नाणी जमवितो, कोणी टपालाची तिकिटे, कोणी जुनी पुस्तके. 'हौसेला मोल नाही' असे आपण सहज म्हणतो, आणि त्याचा अर्थ असा घेतो की हौसेपायी कितीही खर्च झाला तरी तो सोसावा. परंतु काही हौशी अशाही असतात की त्यांची किंमत हौस करणाऱ्याला द्यावी लागत नाही. ती पुढच्या पिढ्यांना द्यावी लागते. प्राचीन जीवांचे अवशेष व आदिमानवाची हत्यारे हुडकण्याची हौस ही त्यांपैकीच एक होय. हा छंद लावून घ्यावा की नाही, आणि घ्यावा तर कोणत्या अटीवर, एवढ्याच प्रश्नाचा येथे आम्ही विचार करणार आहोत.

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत असा छंद घेऊन उतरणाऱ्याची प्रथमदर्शनी निराशाच होते. शिवनेरीचा कडा पाहा, नाणेघाटाची खिंड पाहा, लेण्याद्रीच्या गुंफा पाहा. जिकडे तिकडे काळा कातळ. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या तप्त रसाचे थरावर थर साचून हा प्रदेश बनला. त्या रसात जीवांच्या खुणा कोठून राहणार? दोन प्रवाहांमधील शांततेच्या काळात जेथे तळी साचली, तेथे मात्र काही अवशेष टिकले. मुंबईस वरळीच्या टेकडीतील अशाच एका थरात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले व १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन केले. कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या काठचा ग्रंथ याहून निराळा आहे. तो कातळात लिहिलेला नसून, नद्यांनी कातळावर आणून टाकलेल्या गाळात व गोट्यांत लिहिलेला आहे. घोडेच्या खोऱ्यात खाली इनामगावच्या बाजूस प्राचीन जनावरांची अश्मीभूत हाडे मिळाली आहेत. आणि जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी येथे तर जगातील विद्वानांचे लक्ष वेधणारी गोष्ट सापडली.

बोरीस नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा एक थर आहे. ज्या प्रदेशातील ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वीच निवाले, तेथे ही राख आली कोठून? तिचे घटक तपासून शास्त्रज्ञांनी तिचे मूळ सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीत शोधले. ती वाऱ्यावर समुद्र ओलांडून आली. याच राखेच्या संगतीने आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात हे स्थळ पुढे आणले. राखेचे वय एका परीक्षेत सुमारे १४ लाख वर्षे निघाले. पुढील एका परीक्षेत ते साडेसहा लाखांच्या आसपास आले. तर इतर काहींच्या मते ही राख सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची होय. कुकडीकाठी मनुष्य केव्हापासून वावरत होता, हा प्रश्न अशा रीतीने एका पांढुरक्या थराशी बांधला गेला आहे. हत्यार राखेच्या खालचे की वरचे, मूळ थरातले की पुराने दुसरीकडून वाहून आणलेले, यावर सारा निर्णय अवलंबून.

आता अशी कल्पना करा की एखाद्या सज्जन प्रवाशाने तेथील एक हातकुऱ्हाड उचलली, घरी नेली, स्वच्छ धुतली आणि दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात ठेवली. दगडाचा टवकाही उडालेला नाही. पाहुण्यांना ती दाखविताना त्या गृहस्थाचे डोळे आनंदाने चमकतात, आणि त्या आनंदात खोटे असे काहीच नाही. तथापि त्या दगडाला जे सांगावयाचे होते, ते त्याच्या जागेत होते. जागा सुटली आणि साक्षीदार मुका झाला. चोरीचा हा असा प्रकार आहे की ज्यात चोराच्या हाती वस्तू येते, पण तिचे खरे धन कोणाच्याच हाती उरत नाही.

दगडाचे मोल त्याच्या स्थानासह असते ही गोष्ट आमच्या पूर्वजांस अगदीच अपरिचित नव्हती. आमच्या पुष्कळ देव्हाऱ्यांत असणारा शाळिग्राम हा हिमालयाच्या जागी पूर्वी असलेल्या समुद्रातील शंखधारी जीवाचा अश्मीभूत अवशेष होय. परंतु घरात त्याची ओळख केवळ काळा वाटोळा दगड अशी राहिली नाही. पंचायतनात गंडकीचा शाळिग्राम, नर्मदेचा बाण, शोणेचा तांबडा पाषाण, असा ज्या त्या दगडामागे त्याच्या नदीचा उच्चार राहिला. शाळिग्रामाचे मोल करू नये असाही संकेत आहे. यामागे शास्त्रीय दृष्टी होती असा दावा आम्ही करीत नाही. परंतु जी वस्तू आपण निर्माण केली नाही ती बाजारात मांडू नये आणि तिचे माहेर विसरू नये, हे दोन संस्कार कोणत्याही काळी उपयोगी पडावेत असेच आहेत.

माहेर खोटे सांगितल्यास काय अनर्थ होतो, याची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. इंग्लंडात पिल्टडाउन येथे सापडल्याचे सांगितलेली कवटी १९१२ साली आदिमानवाची म्हणून जगापुढे आली. ती पुढे आणणारा चार्ल्स डॉसन हा व्यवसायाने वकील व वृत्तीने हौशी संशोधक. मनुष्याच्या कवटीला वानराचा जबडा जोडलेला होता हे १९५३ साली उघड झाले. तोवर चाळीस वर्षे विद्वान त्या कोड्यात गुरफटले होते. यावरून हौशी मनुष्यालाच दोष देणे मात्र बरोबर होणार नाही. आपल्याच देशातील एका विद्यापीठीय प्राध्यापकाने हिमालयातील म्हणून प्रसिद्ध केलेले कित्येक जीवाश्म वास्तविक परदेशचे होते, असा आक्षेप ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी १९८९ साली पुराव्यांनिशी मांडला. पदवी ही सचोटीची हमी नव्हे, आणि हौस हा अप्रामाणिकपणाचा पुरावाही नव्हे. उलट, नागपूरचे स्टीफन हिस्लॉप पाहा. ते व्यवसायाने मिशनरी. त्यांनी आपले सहकारी हंटर यांच्यासह नागपूरच्या आसपासच्या थरांचा व त्यांतील जीवाश्मांचा अभ्यास करून १८५५ साली लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकात तो प्रसिद्ध केला. कोणता शंख कोणत्या थरात मिळाला हे त्यांनी टिपून ठेविले, म्हणून त्यांचे काम टिकले. १८६३ साली टाकळघाटजवळची प्राचीन दगडी वर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला.

मग हा प्रामाणिकपणा अंगी बाणावा कसा? आमच्या मते यास उत्तम उपाय म्हणजे मंडळ. एकट्या मनुष्याला मोह अनावर होतो. चौघांच्या संगतीत तोच मोह हसण्यावारी नेता येतो. १८८३ साली मुंबईत आठ गृहस्थांनी एकत्र येऊन निसर्गेतिहासाची संस्था काढली, तेव्हा आपापली निरीक्षणे व नमुने एकमेकांस दाखविणे एवढाच त्यांचा हेतू होता. जुन्नर, नारायणगाव किंवा मंचर येथील चार शिक्षक, दोन डॉक्टर, एखादा वकील व काही विद्यार्थी यांना असे मंडळ चालविण्यास फारसे भांडवल लागणार नाही. महिन्यातून एका रविवारी नदीकाठ चालावा, दरड पडून उघडे झालेले थर मोजून वहीत काढावेत, शेतात शिरण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी, खणू नये, आढळले ते जागेवरच ठेवून त्याचे छायाचित्र घ्यावे, ठिकाण नोंदावे व जाणत्यांस कळवावे. विहिरी खणणाऱ्याला मुरूम कोठे संपतो हे ठाऊक असते, आणि पांढरीची माती शेतात टाकणाऱ्या शेतकऱ्याला त्या मातीत खापरे निघतात हे ठाऊक असते. त्यांच्या ओट्यावर बसून ऐकावे. पुस्तकी मनुष्याला आपल्या तालुक्यातील माणसांकडून शिकण्याचा असा प्रसंग एरवी क्वचितच येतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो टाकाऊ नाही. आम्ही दगड जागेवर ठेवला, पण वाळूचा उपसा करणारे यंत्र उद्या तेथे आले तर? पुढच्या पावसात काठच ढासळला तर? अशा वेळी न उचलणे हाच प्रमाद ठरेल. परंतु पुरात वाहून चाललेले मूल बाहेर काढणे वेगळे, आणि ते आपलेच म्हणून घरी ठेवून घेणे वेगळे. उचलावे लागल्यास नोंद करून उचलावे, व संग्रहालयाच्या किंवा विद्यासंस्थेच्या स्वाधीन करावे. तेथे तो पेटीत धूळ खात पडेल, असे कोणी म्हणेल. पडो, धूळ पुसता येते, गेलेली जागा परत आणता येत नाही. पुरावस्तूंविषयी १९७२ चा कायदा आहे. भूवारशाच्या जपणुकीसाठीही केंद्राच्या खाण मंत्रालयाने २०२२ साली एका विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. परंतु ओसाड नदीकाठी शिपाई उभा नसतो. तेथे मनुष्य असतो आणि त्याचे मन असते.

म्हणूनच या छंदाचा खरा लाभ ज्ञानापेक्षाही निराळा आहे असे आम्हांस वाटते. नजर तीक्ष्ण होते, पाय बळकट होतात, काळाची विशालता कळून आपल्या रोजच्या भांडणांचा आकार लहान होतो. हे सारे खरेच. पण अत्यंत हवीशी वस्तू हाताशी असावी, पाहणारे कोणी नसावे, आणि तरीही हात आवरावा, याचा अभ्यास घडविणारे छंद फार थोडे आहेत. आपण आपल्या मुलांना घरे देतो, दागिने देतो, ठेवी देतो. कुकडीच्या काठचा तो राखेचा थर त्यांना जसाच्या तसा देता आला, तर आपल्याकडून न सुटलेला प्रश्न सोडविण्याची संधीही त्यांना मिळेल.