बुगडीची गाठ

सांगोल्याकडच्या एका डाळिंबवाल्यांच्या घरातली ही गोष्ट. थोरल्या सुमनने आजीच्या मोत्यांच्या बुगडीसाठी हौसेने कान टोचून घेतला. जखम भरली, पण भरायची थांबेना. सहा महिन्यांत तिथे बोराएवढी कडक, चकचकीत गाठ. खाजायची, ठणकायची.

आजीने घोड्याचा केस बांधून पाहिला. चामखीळ गळते म्हणे त्याने. ही कसली गळतेय! मग लग्न ठरलं, घाई झाली आणि कुणीतरी गाठ कापून दिली. लग्नाच्या फोटोत कान अगदी छान आहे. वर्षाच्या आत गाठ परतली, ती आवळ्याएवढी होऊन.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा केलॉइड. कातडीला थांबायचं कळत नाही, कोलॅजन रचतच राहते. नुसतं कापणं म्हणजे तिला नवी जखम देणं."

त्यांनी बारीक सिरिंजमध्ये ट्रायॅमसिनोलोन हे स्टिरॉइड भरलं, मिलिलिटरला ४० मिलिग्रॅमचं, आणि सुई थेट गाठीत घातली. दट्ट्या हलेना. सुमनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आत गेले जेमतेम दोन-तीन थेंब.

"एवढंसंच? एकदाच काय ते भरपूर घाला ना, मॅडम."

"जास्त झालं किंवा खाली चरबीत गेलं, तर खड्डा पडतो, जागा पांढरी पडते. चार आठवड्यांनी ये."

सुमनचे वडील अण्णा दारातून म्हणाले, "त्यापेक्षा गोळ्या द्या की."

"गोळी अंगभर फिरते, काका. डाळिंबाला तुम्ही पाटाने पाणी सोडता का?"

"छे! ठिबक आहे आपलं," अण्णा म्हणाले आणि गप्प बसले.

तिसऱ्या खेपेला खाज थांबली. चौथ्या खेपेला दट्ट्या अलगद सरकला. "मऊ झाली," बाई म्हणाल्या. पुढे गाठ बसत गेली. (सगळ्यांचंच असं होत नाही. काहींना कापून लगेच सुया सुरू कराव्या लागतात. काही गाठी तरीही डोकं वर काढतात. म्हणून सुमन अजून दाखवायला जाते.)

आता धाकटीने बुगडीचा हट्ट धरला. केलॉइड घराण्यात चालतो, हे सुमनने ऐकलं होतं. ती बुगडी घेऊन सोनाराकडे गेली. "फिरकी काढा, दाबाची करून द्या."

"आठ-दहा दिवस लागतील, ताई."

"लागू देत," सुमन म्हणाली.