सहजच!

समोरच्या घरातल्या बाई वारल्या, त्यानंतर दीड महिन्याने मी त्यांच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं. दारात इस्टेट सेलची पाटी होती. तुम्ही अमेरिकेत राहत नसाल तर सांगते. इथे एखादं एकटं म्हातारं माणूस गेलं आणि मुलं दूरच्या राज्यांत असली, की घर विकायच्या आधी आतलं सामान दोन-तीन दिवसांत विकून टाकतात. ते काम करणाऱ्या कंपन्या असतात. त्या प्रत्येक वस्तूला किमतीचं लेबल लावतात आणि ठरलेल्या दिवशी सकाळी दार उघडतात. मग कुणीही आत जावं, कपाटं उघडावीत, चादरी उलगडून बघाव्यात.

मी नुसती बघायला गेले होते. मिशिगनमधल्या आमच्या या गल्लीत १९ वर्षं मी त्या घराचं पुढचं दार रोज पाहिलं, पण आत स्वयंपाकघर डाव्या हाताला आहे की उजव्या, हे मला त्या दिवशी कळलं. डाव्या हाताला होतं. आणि सिंकमागच्या खिडकीच्या कट्ट्यावर माझा डबा होता.

स्टीलचा, घट्ट झाकणाचा. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं माझ्या आईचं नाव आणि खाली १९८२, माझ्या लग्नाचं साल. तो मंडळाच्या कुठल्यातरी पॉटलकमध्ये हरवला असं धरून मी कित्येक वर्षं त्याचं खापर नवऱ्याच्या डोक्यावर फोडत आले होते. डब्यात चहाच्या पिशव्या होत्या, निम्म्यापर्यंत. म्हणजे बाई तो रोज उघडत होत्या. लेबल एक डॉलरचं होतं. मी डॉलर दिला आणि डबा घेऊन रस्ता ओलांडला.

आमच्यात भांडण वगैरे काही नव्हतं. उलट चांगलंच होतं. ऑगस्टमध्ये त्यांच्याकडून झुकिनी यायची (बागेत झुकिनी लावणाऱ्याला ती वाटत सुटण्यावाचून गत्यंतर नसतं), दिवाळीला आमच्याकडून चिवडा आणि लाडू जायचे. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण हा एक डबा सोडला तर प्रत्येक ताटलीबरोबर बनाना ब्रेड आला. दरवेळी दारात त्या म्हणायच्या, कधीतरी कॉफीला ये. मी म्हणायचे, हो, नक्की! इंग्रजीत असं म्हणणं फार सोपं जातं. मराठीत म्हटलं असतं तर बहुधा एकदा तरी गेले असते.

मग मी चुकले का? हा प्रश्न वाटला त्यापेक्षा चिवट निघाला. मी कुणाला फसवलं नाही. वचन मोडलं नाही, कारण 'कधीतरी' हे काही वचन नव्हे. अडचणीत पाठ फिरवली नाही. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांचा कचऱ्याचा डबा मीच रस्त्यापर्यंत ढकलत नेत होते. शेजारधर्म म्हणतात तो पुरा झाला. आणि मैत्री काही कुणी कुणाचं देणं लागत नाही. तरी तो डॉलर देताना मला लाज वाटली, ती वाटलीच.

निवृत्तीनंतर इथल्या लायब्ररीतल्या एका वर्गाला मी जात असे. तिथे ॲरिस्टॉटलचं 'निकोमाखियन एथिक्स' थोडंथोडं वाचलं. दहा भागांच्या त्या नीतिशास्त्रातले दोन अख्खे भाग, आठवा आणि नववा, मैत्रीवर आहेत. त्यात तो सदिच्छा आणि मैत्री यांत फरक करतो. सदिच्छा अनोळखी माणसाबद्दलही वाटू शकते, त्यासाठी हातपाय हलवावे लागत नाहीत. म्हणून तिला फार तर निष्क्रिय मैत्री म्हणता येईल, असं त्याचं म्हणणं. वर्गात हे वाचलं तेव्हा मला रोज सकाळी फोनवर येऊन पडणारी फुलांची 'शुभ सकाळ' आठवली आणि मी हसले. घरी आल्यावर समोरच्या बाईंना हात हलवून आत गेले. तेव्हा काही डोक्यात शिरलं नाही.

त्याच ठिकाणी तो त्याच्या काळातली एक म्हणही सांगतो: बरोबर बसून भरपूर मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागतात, पण ते बहुतेक वेळा चाकराने धन्याच्या मिठाला. त्याचं मीठ दोन बरोबरीच्या माणसांचं आहे. बरोबर बसून खाल्लेलं. माझा चिवडा बाईंनी त्यांच्या घरी खाल्ला, त्यांचा बनाना ब्रेड मी माझ्या घरी. मध्ये रस्ता होता.

वेळ नव्हता म्हणून गेले नाही, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. ते खोटं आहे. मी ज्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते तिथून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, माझ्याकडे वेळच वेळ आहे. खरं कारण असं की मैत्रिणींचं माझं खातं भरलेलं आहे, असं मी धरून चालले होते. खऱ्या मैत्रिणी तिकडे, सांगलीत. इथल्या त्या ओळखी. तुमच्यापैकी पुष्कळांनी हा हिशेब असाच मांडलेला असणार. आणि मग तुम्ही विचाराल, त्या तिकडच्या खऱ्या मैत्रिणीला शेवटचा फोन कधी केला होतास? तिथेच गोम आहे.

विलिंग्डन कॉलेजात आम्ही दोघी बी.एस्सी.ला बरोबर होतो, १९७५ ते १९७८. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला एकाच टेबलावर. संध्याकाळी सायकली हातात धरून आयर्विन पुलावरून चालायचं, कागदाच्या पुडीतलं भडंग संपेपर्यंत. काय बोलायचो ते एक अक्षर आठवत नाही. आठवण्यासारखं नव्हतंच ते. कुणाच्या साडीचा फॉल सुटला, कुठल्या सरांनी खडू मोडला, असलं सगळं.

१९८३ साली मी इकडे आले. सुरुवातीला एरोग्राम. ते निळे कागद ज्यांनी लिहिले आहेत त्यांना त्यातली गंमत माहीत आहे: मधल्या जागेत सगळं महत्त्वाचं, तब्येती, परीक्षा, बाळंतपणं, आणि मग कडेच्या समासात, कागद आडवा-उभा फिरवून, मुंगीच्या अक्षरात उरलेलं. 'आज पावसात दिवे गेले आणि दूध उतू गेलं ते कळलंच नाही.' मी आधी समास वाचायचे.

मग फोन आला आणि समास गेला. मिनिटाला डॉलरच्या वर पैसे पडायचे, त्यामुळे फोनशेजारी कागदावर यादी करून बोलायचं. यादीत दूध उतू जाणं बसत नाही. पुढे फोन कार्डं आली, पुढे तर फोन फुकटच झाला, पण सवय मोडली नाही. सांगण्यासारखं काही घडलं तरच फोन करायचा. वर्षातून दोनदा, मग एकदा, मग कुणाच्या लग्नाला नाहीतर कुणी गेल्यावर. म्हणून तर आजही आपल्या घरांत वेळी-अवेळी भारतातून फोन वाजला की छातीत धस्स होतं. तुमच्या होत नाही? 'सहज केला' हे वाक्य ऐकून किती वर्षं झाली, आठवून बघा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला पूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ आहे. ती गावभागात राहते, म्हणजे पाणी तिच्या घरात असणार हे मला पक्कं माहीत होतं. मी व्हिडिओ बघत रात्रभर जागले. ते मंडळाच्या ग्रुपवर पाठवले. मंडळाने मदतनिधी काढला, त्यात चेक दिला. फोन केला नाही. तोपर्यंत आमच्या शेवटच्या बोलण्याला अकरा वर्षं झाली होती आणि मधल्या काळात तिचा नवरा गेल्याचं मला तिसऱ्याकडून कळलं होतं. तेव्हाही केला नव्हता. आता एकदम पुराच्या निमित्ताने कुठल्या तोंडाने करायचा? जितका उशीर होतो तितकं फोनला कारण मोठं लागतं, आणि इथे तर पूरही पुरेसा मोठा वाटेना.

इथे थोडं विषयांतर वाटेल, पण ते नाही. निवृत्त झाल्यावर मला सगळ्यांनी एकच सल्ला दिला: छोट्या छोट्या गोष्टींतला आनंद घे. मी तो मनापासून अमलात आणला. सकाळचा आल्याचा चहा सावकाश, फीडरवर येणारा लालभडक कार्डिनल, आणि माझं कढीपत्त्याचं झाड. भारतातून ताजा कढीपत्ता आणायला इथे बंदी, त्यामुळे कुंडीतल्या त्या रोपाला मी जपते तितकं मुलांनाही जपलं नसेल. थंडी पडायच्या आत घरात घ्यायचं, हिवाळाभर ते पानं टाकून नुसती काटकी होऊन उभं राहतं, आणि फेब्रुवारीत बाहेर सगळं पांढरं असताना एका सकाळी खोडावर मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसतो. त्या सकाळी मी अक्षरशः कुणाला तरी सांगायला वळले. नवरा म्हणाला, "हं." (त्याचं चूक नाही. तो पुतिनच्या बातम्या ऐकवतो तेव्हा मीही तेच म्हणते.) मुलीला सांगितलं असतं तर तिने हार्ट पाठवलं असतं.

नातू झाला तेव्हा दोनशे जणांनी अभिनंदन केलं. मोठा आनंद कुणालाही सांगता येतो, त्याचं महत्त्व पटवावं लागत नाही. पण कढीपत्त्याला फूट आली, हे कुणाला सांगायचं? ज्याला ते का सांगतोय हे समजावून सांगावं लागत नाही, त्यालाच. असं माणूस मोठ्या प्रसंगांतून तयार होत नाही. ते उतू गेलेल्या दुधातून तयार होतं, आणि दूध उतू गेल्याचं सांगायचं बंद केलं की ते कुठल्याही भांडणाशिवाय निघून जातं. समोरच्या बाईंच्या बाबतीत मी ते तयारच होऊ दिलं नाही. सांगलीच्या मैत्रिणीच्या बाबतीत तयार झालेलं मी 'महत्त्वाचं काही घडेल तेव्हा बोलू' म्हणत वाळू दिलं. लाज वाटली ती याची. मैत्री मोडल्याची नव्हे, तिच्यात सांगायच्या गोष्टींना क्षुल्लक ठरवल्याची.

डबा घरी आणल्यावर आठवडाभर मी तो घासूनपुसून नुसता ठेवला. मग भावजयीकडून नंबर मागवला. खरं सांगते, तेव्हाही एक शंका होतीच की हा फोन तिच्यासाठी आहे की माझं मन हलकं व्हावं म्हणून. अजून नीट उत्तर मिळालेलं नाही. दोन्हीसाठी असावा. शनिवारी सकाळी साडेसातला लावला, तिकडे संध्याकाळचे पाच.

मी नाव सांगितल्यावर थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग पहिला प्रश्न: "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही गं. सहजच केला."

"सहज?"

मी माफीची दोन वाक्यं तयार ठेवली होती. पहिलं निम्मं झालं तेवढ्यात ती म्हणाली, "पुराच्या वेळी तुझ्या फोनची वाट बघितली बघ. मोबाइल बंद पडलेला, बहिणीकडं जाऊन चार्ज केला. मनात होतं, तू करशील."

यावर मला उत्तर नव्हतं. आजही नाही. ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. मी गप्प राहिले, आणि मग तिनेच विचारलं, "आत्ता काय करत होतीस?"

"कढीपत्त्याला फुटवे आलेत, ते मोजत होते."

"किती?"

"सात."

"आमच्याकडं भाजीवाली फुकट टाकते पिशवीत," ती म्हणाली, "आणि तू मोजत बसतीस." आणि हसली. तेच कॉलेजमधलं, श्वास आत ओढत.

लगेच सगळं पूर्वीसारखं झालं असं समजू नका. मधली वर्षं आम्हाला एकमेकींची माहीत नाहीत आणि ती सांगून भरून निघत नाहीत. तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, माझी निम्मी वाक्यं दोनदा बोलावी लागतात. कधी कधी दहा मिनिटांत विषय संपतात. त्या उत्साहात मी आणखी एका मैत्रिणीला शोधून काढलं. लग्नानंतर आडनावं बदलल्यामुळे आमच्या पिढीतल्या बायका फेसबुकवर सापडणं हे एक दिव्यच असतं. ती फार गोड बोलली, आणि नंतर तिनेही फोन केला नाही, मीही नाही. तिचं माझ्यावाचून व्यवस्थित चाललं आहे. हेही असतं.

सांगलीचा फोन मात्र दर शनिवारी असतो. माझा सकाळचा चहा, तिचा संध्याकाळचा. डब्यात मी चहाच ठेवते. पिशव्या नाहीत, पूड. नोव्हेंबरमध्ये इथली घड्याळं तासभर मागे गेली आणि तिला फोन सहाला गेला, तर ती वैतागली. म्हणाली, सहा वाजता मी देवळात जाते, तुमच्या देशाला एक वेळ धरून राहता येत नाही का? मी समजावलं की इथे असंच असतं, मार्चपर्यंत सहाच वाजणार.

"मग तू लवकर ऊठ," ती म्हणाली.

हिवाळाभर शनिवारी मी सहाचा गजर लावते. बाहेर मिट्ट काळोख असतो आणि कार्डिनलसुद्धा आलेला नसतो.