एका हाताचा घास

थांबा इथे. लाकडी वाटेच्या कठड्यावर हात टेकवा.

सिंगापूरचं पासिर रिस. मेट्रोच्या हिरव्या मार्गाचं शेवटचं स्टेशन. मलय भाषेत पासिर म्हणजे वाळू. आपण मात्र चिखलापाशी आलो आहोत, उद्यानातल्या खारफुटीत. ओहोटी आहे.

वास येऊ द्या. खारट, जरासा कुजका. कोकणातल्या खाडीला येतो तोच.

एक श्वास. सावकाश.

खाली बघा. काहीच दिसत नाही. आपली सावली हलली, म्हणून सगळे बिळात गेले. हलू नका. येतील.

आला.

अंगठ्याच्या पेराएवढा खेकडा. एक नांगी केवढी तरी मोठी, दुसरी इवलीशी. फिडलर खेकडा, नर.

त्या इवल्या नांगीकडेच बघत राहा. चिखल उचलते, तोंडाशी नेते. उचलते, नेते. शेवाळ आणि बारीक जीव पोटात जातात. उरलेल्या मातीची गोळी होऊन खाली पडते. बिळाभोवती किती गोळ्या आहेत बघा.

शेजारी मादी आहे. तिच्या दोन्ही नांग्या लहान. ती दोन्ही हातांनी जेवते.

हा एकाच हाताने.

मोठी नांगी घास उचलत नाही. ती मादीला दाखवायची, दुसऱ्या नराला अडवायची. अंगाच्या वजनाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, तिच्यातच असतो. आणि तीही याच घासांवर वाढलेली.

इथे थोडं राहू या. मला इथून लगेच पुढे जाववत नाही.

त्याला मोठं व्हायचं तर जुनं कवच टाकावं लागतं. मग नवं कडक होईपर्यंत मऊ अंगाने दडून राहायचं. त्या दिवसांची शिदोरीही आत्ताच्या चिखलातून.

उचलते, नेते.

आता कान वर. पानांत बारीक चिवचिव. शिंजीर, जेमतेम 8 ग्रॅमचा. एवढ्याशा अंगातून ऊब भराभर निसटते. म्हणून दिवसभर फुलामागून फूल.

ओढ्याकाठी घोरपड पसरली आहे. तिची ऊब उन्हातून येते. तिच्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला लागतं त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास तिचं भागतं. तिला घाई नाही.

मॅक्स क्लायबर यांनी 1932 मध्ये लहानमोठ्या प्राण्यांची वजनं आणि त्यांची ऊर्जेची गरज शेजारी शेजारी मांडली. त्यातून दिसलेल्या नियमाने वजन 10,000 पट झालं, तर ऊर्जेची गरज साधारण 1,000 पटच होते. मोठ्या देहाचा प्रत्येक ग्रॅम सावकाश जळतो. लहान देहाचा भराभर.

हे ऐकून सोडून द्या. आपल्या छातीवर हात ठेवा. तिथेही काही जळतं आहे. सकाळचा चहा, पोहे.

एक श्वास.

पुन्हा खाली. खेकडा तिथेच आहे. मोठी नांगी वर जाते, खाली येते. पलीकडचा नरही हलवतो आहे. मध्ये खाणं थांबतं. मग पुन्हा इवला हात चिखलात.

मुळांपाशी पाणी चमकलं. भरती लागली.

तो बिळात उतरतो. आतून चिखलाचं बूच ओढून घेतो.

पाणी बुचावर येतं.

थांबा अजून थोडं.