गादी आणि कारभार

क्योटो नगरात पायी अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर दोन राजवास्तू उभ्या आहेत, आणि त्या दोन्ही लागोपाठ पाहिल्यावाचून जपानच्या राज्यव्यवस्थेचे मर्म हाती लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिली निजोचा किल्ला. सम्राटाकडून शोगुनपदी, म्हणजे लष्करी कारभाऱ्याच्या पदी, नेमणूक झाली त्याच वर्षी, म्हणजे 1603 साली, तोकुगावा इएयासू याने तो सिद्ध केला. दुसरी ‘गोशो’, म्हणजे खुद्द सम्राटाचा राजवाडा. चौदाव्या शतकापासून तो या जागी आहे, आणि वारंवार अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडल्यामुळे त्याच्या आजच्या प्रमुख इमारती 1855 सालच्या आहेत.

निजोच्या किल्ल्यात सत्तेचा सारा सरंजाम डोळ्यांत भरतो. रुंद खंदक आणि दगडी तट ओलांडून आत गेले की सोन्याच्या वर्खावर कानो घराण्याच्या चित्रकारांनी रंगविलेले वाघ आणि अजस्र पाइन वृक्ष समोर येतात. सरदारांच्या बैठकीपेक्षा शोगुनच्या बैठकीची जमीन मुद्दाम उंच ठेवलेली दिसते. आणि ओसरीवर पाऊल टाकताच फळ्यांखालच्या लोखंडी पट्ट्या खिळ्यांवर घासून पाखरांच्या किलबिलीसारखा आवाज उठतो. याउलट गोशोला ना खंदक, ना बुरूज. आडव्या पांढऱ्या रेषांनी अंकित अशी मातीची भिंत आणि तिच्या पायथ्याशी पाण्याचा अरुंद पाट, एवढेच त्याचे संरक्षण. आत शिशिनदेन या मुख्य सभामंडपावर सायप्रसच्या सालीचे छप्पर, समोर पांढऱ्या खडीचे विस्तीर्ण अंगण, आणि पायऱ्यांच्या दोन बाजूंस एक चेरीचे व एक नारिंगाच्या जातीचे झाड. ज्याच्या हाती फौज आणि खजिना होता त्याला तटाची गरज भासली. ज्याच्या हाती केवळ मान्यता होती, तो भिंतीच्या आधारावर निर्धास्त राहिला.

राजपीठ इतरांच्या वर्चस्वापासून अलग राखण्याची ही दृष्टी या नगराच्या स्थापनेतच आढळते. 794 साली सम्राट कान्मूने येथे राजधानी आणली, तेव्हा नारा या जुन्या राजधानीतील प्रबळ विहारांना त्याने मागेच ठेवले आणि नगरात तोजी व साइजी ही दोनच राजमान्य मंदिरे होऊ दिली. त्यांपैकी तोजीत हंसांच्या पीठावरील ब्रह्मा आणि हत्तीवर आरूढ झालेला इंद्र नवव्या शतकापासून विराजमान आहेत, हे पाहून भारतीय प्रवाशाचे मन भरून येते.

मराठी वाचकाला गादी आणि कारभार यांची ही फारकत अपरिचित नाही. साताऱ्याच्या छत्रपतींकडून वस्त्रे आल्याखेरीज पुण्याच्या पेशव्याला पेशवेपद लाभत नसे, मग त्याच्या फौजा अटकेपर्यंत का गेलेल्या असेनात. परंतु परचक्र आले तेव्हा दोन देशांचे मार्ग भिन्न झाले. 1853 साली अमेरिकन आरमार जपानच्या किनाऱ्याला लागले आणि शोगुनशाहीचा दुबळेपणा उघडा पडला, तेव्हा तेथील मुत्सद्द्यांनी गादीचा आश्रय घेतला. 1867 साली शेवटचा शोगुन योशिनोबू याने याच निजोच्या दिवाणखान्यात सरदारांच्या प्रतिनिधींसमोर राज्याधिकार सम्राटाला परत करण्याचा मनोदय कळविला, आणि पुढच्याच वर्षी शिशिनदेनमध्ये नव्या राज्याची पंचसूत्री शपथ घेतली गेली. संक्रमण रक्तहीन नव्हते, यादवी युद्ध झालेच. पण देश परक्यांच्या हाती गेला नाही. आपल्याकडे मात्र गादीचे मोल परक्यांनी आधी ओळखले. 1818 साली इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने पेशव्याविरुद्ध जाहीरनामा काढून छत्रपती प्रतापसिंहांना साताऱ्यास बसविले, 1839 साली त्याच इंग्रजांनी त्यांना पदच्युत करून काशीस धाडले, आणि 1848 साली संस्थान खालसा झाले. घरच्या मुत्सद्द्यांनी जे अधिष्ठान उपयोगात आणावयाचे, ते शत्रूच्या दप्तरी एक साधन होऊन बसले.

याचा अर्थ राजपद स्वतःच तारक असते असा कोणी काढू नये. त्याच जपानी गादीच्या नावाने विसाव्या शतकात लष्करशहांनी आशियावर भीषण युद्ध लादले, आणि 1947 च्या राज्यघटनेने सार्वभौमत्व प्रजेकडे सोपवून सम्राटाला केवळ राष्ट्राचे प्रतीक केले, तेव्हाच त्या व्यवस्थेला नीतीचा पाया मिळाला. सिद्धांत उरतो तो एवढाच की, कारभाऱ्याने आपला अधिकार स्वतःच्या तलवारीतून नव्हे, स्वतःबाहेरच्या कोणा मान्य पीठाकडून घेतला पाहिजे. ते पीठ कालपर्यंत गादी होते, आज ते प्रजा आहे.

म्हणून क्योटोस जाणाऱ्याने निजो पाहून परतू नये, गोशोही पाहावा. आणि शनिवारवाडा पाहून इतिहास कळला असे मानणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी साताऱ्याच्या राजवाड्यापर्यंत अवश्य न्यावे.