एका बाकावरची मुले



शाळाप्रवेशाचे दिवस आले की शिफारसपत्रासाठी पालक आमच्याकडे येतात. चौकशी बहुधा निकालाची, फीची आणि शिस्तीची असते. पण अधूनमधून आवाज खाली करून एक प्रश्न येतो : ‘फादर, मुलांच्या त्या शाळेत हल्ली कसली कसली पोरं येतात?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून आज आम्ही दूरच्या एका धर्मप्रांताची हकिगत सांगतो.

अमेरिकेतील सेंट लुईस शहरात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या सरकारी शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. कॅथलिक शाळांतही तीच रीत चालत आली होती. स्नानसंस्कार एकच, पण वर्ग वेगळे! फेब्रुवारी १९४४ मध्ये येशूसंघीय फादर क्लॉड हाईटहाउस यांनी सेंट लुईस विद्यापीठाच्या चर्चमध्ये प्रवचनातून या भेदाचा उघड निषेध केला. त्याच उन्हाळ्यात विद्यापीठाने पाच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला.

पुढे १९४७ साली, म्हणजे आपला देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, आर्चबिशप जोसेफ रिटर यांनी धर्मप्रांताच्या सर्व शाळांतून हा भेद काढून टाकण्याचा आदेश दिला. काही शे पालक एकत्र आले आणि कोर्टात जाण्याची भाषा करू लागले. आर्चबिशपांनी रविवारच्या मिस्सेत पत्र वाचायला लावले : कोर्टात जाल तर ख्रिस्तसभेतून बहिष्कृत व्हाल. पालकांनी पोपमहोदयांच्या प्रतिनिधींकडे दाद मागितली; त्यांनीही आर्चबिशपांनाच पाठिंबा दिला. विरोध मावळला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील असा भेद घटनाबाह्य ठरवला तो १९५४ साली, सात वर्षांनंतर.

ते पालक दुष्ट होते काय? नाही. तेही मिस्सेला येत होते, मुलांवर प्रेम करीत होते. भीतीने त्यांच्या प्रेमाला कुंपण घातले होते, एवढेच. तत्त्वज्ञानात एक जुना भेद शिकवतात : वस्तूचे मूळ सत्त्व वेगळे आणि तिला लागलेले गुण वेगळे. माणूसपण हे सत्त्व. रंग, भाषा, जात, गाव हे गुण. गुणांनाच सत्त्व मानले की शेजारच्या बाकावरचा मुलगा दिसेनासा होतो; दिसते ते फक्त त्याचे आडनाव.

प्रभूने आपला बारा जणांचा वर्ग कसा भरला ते पाहा. रोमी सत्तेसाठी जकात गोळा करणारा मत्तय त्यात होता, आणि जहाल म्हणून ओळखला जाणारा शिमोनही. दोघांना प्रभूने एकाच मेजावर बसवले. पुढे कर्नेल्य या परराष्ट्रीयाच्या घराचा उंबरा ओलांडताना पेत्रालाही हा धडा पुन्हा शिकावा लागला.

आपल्या घटनेचे २९ वे कलमही सांगते की, सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेला केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांवरून प्रवेश नाकारता येत नाही. पण कायदा मुलाला वर्गापर्यंत आणतो. डबा खाताना त्याला जवळ बसवणे कायद्याच्या हाती नाही. बारा ते सोळा वर्षांचे मुलगे टोळी करून राहतात. टोळीत कोणाला घ्यायचे, कोणाला कोणत्या नावाने चिडवायचे, हे ते बरेचदा आपल्याच घरी, जेवताना आपण बोलतो त्यातून शिकतात.

म्हणून आमची विनंती एवढीच : मुलगा शाळेतून आला की ‘मार्क किती?’ याबरोबर ‘आज डबा कोणाबरोबर खाल्लास?’ हेही विचारा. वेगळ्या भाषेचा, वेगळ्या वस्तीतला मित्र तो घरी घेऊन आला, तर त्याला आपल्याच ताटात वाढा. एकाच ख्रिस्तप्रसादाचे वाटेकरी असलेल्या आपल्याला हे जड जाऊ नये.

प्रभू आपल्या मुलांना आणि त्यांच्या सर्व सोबत्यांना आशीर्वादित करो.

आपले धर्मगुरू