वराला उशीर झाला तर

दहा कुमारींचा दाखला आपल्या चर्चमधून इतक्या वेळा सांगितला गेला आहे की, त्यातील सर्वांत चमत्कारिक गोष्टीकडे श्रोत्यांचे आणि, धारिष्ट करून म्हणावयाचे तर, उपदेशकांचेही लक्ष जात नाही. ती गोष्ट ही की, वराला उशीर लागला तेव्हा त्या दहाच्या दहाही जणी झोपी गेल्या. शहाण्या जागत बसल्या आणि मूर्ख तेवढ्या निजल्या, असे मत्तयाने मुळीच लिहिलेले नाही. अंतर पडले ते तेलाचे. आणि मूर्ख कुमारींनी जादा तेल बरोबर घेतले नाही याचे सयुक्तिक कारण, वर फार वेळ लावणार नाही अशी त्यांची खात्री होती, हेच संभवते. या दाखल्याच्या लगेच आधी येशूने एका दुष्ट चाकराची गोष्ट सांगितली आहे: धन्याला यावयास पुष्कळ अवकाश आहे अशी मनाची समजूत घालून तो सोबतच्या चाकरांना मारझोड करू लागतो. म्हणजे धनी दूर आहे असे धरून चालणारा जसा फसला, तसाच तो आता दारात येऊन ठेपला असे धरून चालणाराही फसला. मुदत ठरविण्याचा अधिकार दोघांनीही परस्पर आपल्याकडे घेतला होता.

अंतकाळाची तयारी कशी करावी, या प्रश्नाचा निकाल आपल्या मंडळ्यांतून सामान्यतः दोन रीतींनी लावला जातो. कित्येक भाविक प्रत्येक भूकंपाची, प्रत्येक युद्धाची व पश्चिम आशियातील प्रत्येक तहाची प्रकटीकरणाच्या पुस्तकाशी रुजुवात घालीत बसतात. आणि त्यांच्या या उद्योगाने संकोचलेले सुशिक्षित ख्रिस्ती, पुनरागमनाचे कलम दर रविवारी उपासनेत तोंडाने उच्चारूनही, त्याचा आपल्या व्यवहाराशी काही संबंध पोहोचतो हे मनातून नामंजूर करतात. सुशिक्षितांचा हा संकोच मला पहिल्यांच्या उत्साहापेक्षा अधिक धोक्याचा वाटतो. कारण उत्साहाला केव्हा तरी वस्तुस्थितीचा तडाखा बसतो, संकोचाला तो कधीच बसत नाही.

असा तडाखा ठळकपणे बसला तो अमेरिकेत, १८४४ साली. विल्यम मिलर हा न्यूयॉर्क राज्यातील शेतकरी, १८१२ च्या युद्धात लढलेला व पुढे बॅप्टिस्ट उपदेशक झालेला प्रामाणिक गृहस्थ. दानीएलाच्या आठव्या अध्यायातील २३०० दिवस म्हणजे तितकी वर्षे असे मानून, आणि इ. स. पूर्व ४५७ पासून गणती करून, ख्रिस्त १८४३ च्या सुमारास येणार या निष्कर्षास तो आला. ती मुदत टळल्यावर सॅम्युअल स्नो नावाच्या अनुयायाने २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस काढून दिला. नेमक्या दिवसाला मिलर स्वतः नाखूष होता, परंतु ऑक्टोबरच्या आरंभी तोही त्या लाटेत सापडला. कित्येकांनी शेतातले पीक काढले नाही, कित्येकांनी दुकाने बंद केली. आणि, त्यांची टवाळी करणारे हे सहसा सांगत नाहीत, कित्येकांनी जुनी देणी चुकती केली व पूर्वी केलेल्या लबाडीची कबुली दिली. तो दिवस इतर दिवसांसारखा मावळला.

आता या तयारीची थोडी छाननी करू. न काढलेले पीक २३ तारखेस शुद्ध मूर्खपणा ठरले. फेडलेले कर्ज ठरले नाही. तारीख खरी निघो वा खोटी, ज्या कृत्याचे मोल बदलत नाही तेच कृत्य तयारी या नावास पात्र होय, ही कसोटी त्या फसलेल्या लोकांनी नकळत आपल्या हाती ठेवली आहे, आणि त्यांच्यावर हसणाऱ्या अनेकांपाशी ती नव्हती. पौलाला थेस्सलनीका येथील रिकामटेकड्यांना कामाला लागून आपली भाकर मिळविण्याची सक्त ताकीद द्यावी लागली, तीही याच कसोटीस धरून होती.

मग पुनरागमनावरील विश्वासाने फरक तो काय पडला, देणे काय नास्तिकही फेडतो, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. फरक पडतो तो असा की, विश्वास ठेवणारा हिशेब पुढच्या सालावर ढकलू शकत नाही. आणि दुसरे, आपल्या हयातीत जे पुरे व्हावयाचे नाही तेही तो निर्धास्तपणे हाती घेऊ शकतो, कारण कार्य तडीस नेण्याचा मक्ता त्याने स्वतःकडे घेतलेला नसतो. १९ मे १७८० रोजी न्यू इंग्लंडवर दिवसाढवळ्या काळोख दाटला. दूरच्या अरण्यांतील वणव्यांच्या धुराने तो झाला असे आता मानतात. पण त्या दिवशी कोंबड्या खुराड्यात शिरल्या आणि माणसे प्रार्थनेला धावली. हार्टफर्ड येथे कनेक्टिकटच्या वरिष्ठ मंडळात सभा तहकूब करण्याची सूचना निघाली, तेव्हा एब्राहम डेव्हनपोर्ट यांनी सांगितले की, न्यायाचा दिवस आला नसेल तर सभा मोडण्याचे कारण नाही, आणि आला असेल तर आपण नेमल्या कामावर सापडलेले बरे. तेव्हा मेणबत्त्या आणवाव्यात. तो दिवस खरोखरच न्यायाचा असू शकेल हे त्या गृहस्थाने नाकारले नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. उलट ती शक्यता मानूनच त्याने कामकाज चालू ठेवण्याचा आग्रह धरला.

आपल्याला मात्र हार्टफर्डपर्यंत जाण्याचे प्रयोजन नाही. केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ साली जी आध्यात्मिक जागृती झाली, तिच्या वर्तुळात शेवटल्या काळी होणाऱ्या आत्म्याच्या वर्षावाची भाषा बोलली जात होती. तेथील मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये या विषयावर पुस्तकही लिहिले. अशा त्या आश्रमात रोज चालले काय होते? १८९६–९७ च्या दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुलींचे शिक्षण, शेती, विणकाम, छापखाना. आणि स्वतः पंडिता रमाबाई पन्नाशीच्या सुमारास हिब्रू व ग्रीक भाषांशी झुंजत, अल्पशिक्षित स्त्रियांनाही उमगेल अशा मराठीत समग्र बायबल उतरविण्यास बसल्या होत्या. जगाची तारीख खिशात बाळगणारा माणूस त्या वयात हिब्रूचे व्याकरण उघडत नाही. ते काम ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान होईपर्यंत त्यांना पुरले, आणि ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

मत्तयाचा पंचविसावा अध्याय ज्या न्यायसभेने संपतो, तेथे राजा उपस्थितांना भविष्यवादाचे एकही कोडे घालीत नाही. भुकेला, परका, उघडा, आजारी आणि कैदी यांच्याविषयी तेवढे विचारतो. आमच्या उपदेशकांना म्हणून एवढीच विनंती आहे की, येत्या आगमनकाळातील चार रविवारांपैकी निदान एका रविवारी चिन्हांचे व आकड्यांचे विवेचन बाजूस ठेवून त्यांनी मंडळीच्या जमाखर्चाची वही, चर्चच्या नोकरांचे थकलेले पगार, सख्ख्या भावांतील वाटणीचे तंटे आणि मंडळीच्या मालमत्तेवरून वर्षानुवर्षे कोर्टात पडून राहिलेले दावे, हा विषय व्यासपीठावरून काढावा.